शेवटचा धावपटू येईपर्यंत

औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला जवळपास कुठे मॅरेथॉन आहे, हे कॅलेंडर न बघताच कळतं. आधीच्या दोन-तीन दिवसांत ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, गुडघ्यावर मारायचे स्प्रे आणि मांड्या घासू नयेत म्हणून लावायचं व्हॅसलीन यांचा खप एकदम वाढतो. कराडात माझं असं दुकान आहे. सकाळी प्रीतिसंगमापासून पळणाऱ्या आमच्या गटात शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आहेत. पावसाळा लागला की या सगळ्यांचा एकमेकांना एकच प्रश्न असतो, साताऱ्याची नोंदणी केली का?

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत पळण्याची हौस महानगरांतून जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत उतरली. कोल्हापूर, सांगली, बारामती, लोणावळा, रत्नागिरी अशा ठिकाणी शर्यती होऊ लागल्या. शर्यती वाढल्या तशी त्यांच्यात चढाओढही लागली. कुणाकडे किती हजार नोंदण्या, कुणाकडे कोण पाहुणा, कुणाचं पदक किती जड, ड्रोननं केलेलं चित्रीकरण कुणाचं देखणं. नवीन पळणारी मुलं दुकानात येऊन विचारतात, मॅडम, यातली चांगली कोणती? माझं उत्तर ठरलेलं आहे. जिथे शेवटच्या माणसाला पहिल्याइतकंच पाणी, पहिल्याइतकाच मोकळा रस्ता आणि पहिल्याइतक्याच टाळ्या मिळतात, ती चांगली. गावानं शर्यत भरवायची तर याच कसोटीवर भरवावी. बाकीचा थाट नंतर.

हे मत माझं साताऱ्यात झालं. तिथली शर्यत आकड्यांनी काही फार लहान उरलेली नाही. २०१५ मध्ये डोंगरावरच्या सामूहिक धावेसाठी तिची गिनीजमध्ये नोंद झाली आणि आता राज्याबाहेरूनही लोक येतात. तरीही ती पळताना एखाद्या घरच्या कार्याला आल्यासारखं वाटतं. पोलीस कवायत मैदानावरून उजाडता उजाडता निघायचं, पेठांतून पळत समर्थ मंदिराकडे यायचं आणि मग यवतेश्वरचा घाट. अंतर २१.१ किलोमीटर. घाट चढून कासच्या रस्त्यानं पुढे जायचं, वळायचं आणि त्याच रस्त्यानं खाली यायचं. धुकं नसेल तर खाली सगळं शहर आणि समोर अजिंक्यतारा दिसतो. धुकं असेल तर पुढच्याची पाठ आणि बुटांचा आवाज, एवढंच.

जायचा-यायचा रस्ता एकच असल्याचा एक मोठा फायदा आहे. बहुतेक शर्यतींत आमच्यासारख्या सावकाश पळणाऱ्यांना पुढचे धावपटू दिसतसुद्धा नाहीत. इथे आम्ही निम्मा घाट चढतोय तोवर पहिली पोरं वरून सुसाट खाली येतात. आमच्या गटातला भरतीचा एक पोरगा असाच समोरून येतो. त्याचे पाय जमिनीला टेकतात की नाही अशी शंका यावी इतका तो हलका पळतो, आणि तरीही मधल्या दुभाजकाकडे सरकून हात पुढे करतो. “काकू, वळण आलंच, चला!” वळण आलेलं नसतं, अजून चांगलं लांब असतं. तरी त्या टाळीनं पुढची चढण निभावते. आणि आम्ही खाली येताना आमच्याहून मागे असलेल्यांना तेच सांगतो. पुढचा मागच्याला धीर देतो, हे त्या रस्त्याच्या रचनेतच आहे.

आणि सातारकर. अंगणात, गॅलरीत, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी असतात. शाळेची लेझीम पथकं असतात, ढोल असतात. पण मला विशेष लक्षात राहिल्या त्या घाटाच्या अलीकडच्या एका घराच्या दारात बसलेल्या आजी. खुर्ची, अंगात स्वेटर, मांडीवर स्टीलची ताटली. ताटलीत लिंबाच्या फोडी आणि प्रत्येक फोडीवर चिमूटभर मीठ. नातू फोड उचलून आमच्या हातात द्यायचा आणि आजी प्रत्येकाला विचारायच्या, “कुठनं आलास रं बाळा?” कुणी नगर म्हणायचं, कुणी बेळगाव. परतताना माझ्या पोटरीत गोळा आला म्हणून मी त्यांच्या दाराशी थांबले, पाय दाबत बसले. त्यांनी माझी विचारपूस केली, आणि मग घाटाकडे बघत म्हणाल्या, “मगाशी एक पोरगी रडत रडत वर गेली. निळा शर्ट. अजून खाली आली नाही. तुला दिसली का गं?” मला दिसली होती. घाटात एका स्वयंसेवकाबरोबर चालत उतरत होती. तसं सांगितल्यावर आजींनी ताटलीतल्या दोन फोडी बाजूला काढून ठेवल्या.

त्या आजींच्या हातात टायमिंग चिपचं यंत्र नव्हतं. तरी वर कोण गेलं आणि खाली कोण आलं नाही, याचा हिशेब त्या ठेवत होत्या. मॅरेथॉनच्या आयोजनाचं सगळं मर्म मला त्यात दिसतं.

याच्या उलट अनुभवही आमच्या गटाला आला आहे. दुसऱ्या एका गावाच्या शर्यतीत, गाव कोणतं ते सांगत नाही, आमचे कंडक्टरकाका मागे राहिले. त्यांचा वेग बेताचा, पण पाय चिवट. पंधराव्या किलोमीटरनंतर पाण्याची टेबलं होती, पाणी नव्हतं. रिकामे खोके आणि चुरगळलेले कागदी पेले तेवढे होते. पोलीस जागेवरून उठले होते, रस्ता वाहनांना खुला झाला होता आणि काका उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेकडेनं पळत होते. एका टपरीवाल्यानं बोलावून पाणी आणि चिमूटभर साखर-मीठ दिलं, पैसे घेतले नाहीत. काका मैदानात पोचले तेव्हा हवा भरलेल्या कमानीतली हवा काढायचं काम चाललं होतं. पदकं संपली होती. “कुरिअरनं पाठवू,” असं सांगून कुणीतरी पत्ता लिहून घेतला. त्यांनी ठरलेल्या वेळेच्या आत अंतर पुरं केलं होतं. पैसेही पहिल्या येणाऱ्याइतकेच भरले होते.

मागच्यांची हेळसांड हा नुसता मान-अपमानाचा प्रश्न असता, तर मी एवढं लिहिलं नसतं. तो तब्येतीचा प्रश्न आहे, आणि औषधविक्रेती म्हणून मला तो अधिक टोचतो. ज्याला जास्त वेळ लागतो तो जास्त वेळ घाम गाळतो, ऊन चढल्यावरही रस्त्यावर असतो आणि वाटेत जास्त वेळा पितो. त्याला नुसतं पाणीच मिळत राहिलं आणि त्यानं ते प्रमाणाबाहेर प्यायलं, तर रक्तातलं सोडियम खाली येतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं आणि फार उतरलं तर फिट येण्यापर्यंत मजल जाते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यातल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी आढळलं आणि जास्त धोका असलेल्यांत चार तासांहून अधिक वेळ घेणारे ठळकपणे होते. म्हणजे मिठाची, साखरेची आणि जाणत्या डोळ्यांची गरज ज्यांना सगळ्यांत जास्त, नेमकी त्यांच्या वेळेला आपण टेबलं गुंडाळतो.

हृदयाचंही तसंच. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन शर्यतींचा दहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे एक कोटी नऊ लाख धावपटूंमध्ये हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना. प्रमाण अगदी अल्प आहे, त्यामुळे पळण्याला घाबरायचं कारण नाही. पण त्या अभ्यासातल्या दोन गोष्टी प्रत्येक आयोजकानं भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. या घटना शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त घडल्या. आणि जे वाचले ते मुख्यतः शेजारच्या माणसानं ताबडतोब छाती दाबायला सुरुवात केल्यामुळे वाचले. शेवटचे पाच किलोमीटर म्हणजे उत्साह ओसरलेला, स्वयंसेवक नाश्त्याला गेलेले, बँडवाले थकलेले. तिथेच छाती दाबण्याचं हे तंत्र, म्हणजे सीपीआर, येणारी माणसं पेरायला हवीत. हे शिकायला डॉक्टर असावं लागत नाही. कॉलेजची एनएसएसची मुलं अर्ध्या दिवसात शिकतात, आणि एकदा शिकली की गावाला वर्षभर उपयोगी पडतात.

इथे पळणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे, कारण सगळं आयोजकांवर ढकलून चालणार नाही. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी लोक दुकानात येतात आणि वेदनाशामक गोळ्या मागतात. दुखतंय म्हणून नव्हे, उद्या दुखू नये म्हणून. मी देत नाही. लांब पळताना शरीरातलं पाणी कमी होतं आणि रक्ताचा ओघ पायांकडे वळतो. त्या वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरणारी शरीराची स्वतःची सोय असते आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या नेमकी तीच सोय बंद पाडतात. दुखणं ही शरीरानं दिलेली खबर आहे. ती दाबून यवतेश्वरचा उतार उतरणाऱ्याला गुडघा किंवा मांडी कुठवर ताणली गेली, हे दुसऱ्या दिवशी जिना उतरतानाच समजतं. चढण दम काढते, पण स्नायूंची खरी मोडतोड उतारावर होते. आयोजकांनी बिबबरोबर जी पिशवी देतात, तिच्यात जाहिरातींच्या पत्रकांऐवजी एवढी माहिती छापून घातली तरी पुष्कळ काम होईल.

आता दुसरी बाजू. गावची शर्यत वाढली की लॉज भरतात, खानावळी चालतात, कंदी पेढ्यांच्या दुकानात रांगा लागतात. गावाचं नाव होतं. बक्षिसांच्या रकमा वाढल्या की गरीब घरातल्या पोरांना आधार होतो. हे सगळं मी डोळ्यांनी बघते. आमच्या गटातली भरतीची पोरं दर रविवारी कुठल्या ना कुठल्या शर्यतीला एसटीनं जातात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, त्यात गुण मिळवायचे असतात. पण शर्यतीच्या बक्षिसातून खुराक आणि बूट निघतात, म्हणून ती लांबचं अंतरही मारतात. त्यांच्यासाठी हा छंद नाही.

याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात मोही नावाचं गाव आहे. तिथली ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. पी. टी. उषा यांच्यानंतर तब्बल ३२ वर्षांनी एखादी भारतीय महिला ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचली होती. दुष्काळी गावातून इथवर येणाऱ्या मुलीला वाटेत रस्त्यावरच्या शर्यतीच लागतात. त्यामुळे जिंकणाऱ्यांना भरघोस बक्षिसं द्या, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण बारामतीच्या लता करे यांनाही विसरू नका. आजारी पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून अनवाणी ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरली आणि जिंकली. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. विचार करा, त्या शर्यतीला बूट सक्तीचे असते, किंवा नोंदणी फक्त ऑनलाइन असती, किंवा शुल्क हजार-दीड हजार असतं, तर लता करे कुणाला दिसल्या असत्या? लहान गावच्या शर्यतीचं बळ इथे आहे. तिचं दार उंबऱ्याशी आलेल्या कुणालाही उघडं असतं. शर्यत फुगवण्याच्या नादात पहिल्यांदा हेच दार बंद होतं.

काही आयोजक मित्र म्हणतात, शर्यत आहे ही, सहल नव्हे. वेळेची मर्यादा नको का? हवी. पोलीस म्हणतात, रस्ता किती वेळ अडवायचा? दूधवाले, रुग्णवाहिका, परीक्षेला निघालेली मुलं यांचं काय? तो प्रश्नही रास्त आहे. वेळेची मर्यादा असावी, ती आधी जाहीर असावी. पण तीन तासांची मर्यादा सांगितली असेल तर तीन तास शेवटच्या मिनिटापर्यंत पाळावेत. अडीच तासांनी टेबलं उचलणं म्हणजे मर्यादा नव्हे, तो शब्द फिरवणं झालं. आणि इच्छा असेल तर रस्त्याचाही मार्ग निघतो. ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांना अर्धा तास आधी सोडा. दुसऱ्या टप्प्यात अख्खा रस्ता न अडवता दोर बांधून अर्धी बाजू पळणाऱ्यांसाठी ठेवा. शेवटच्या धावपटूच्या मागे सायकलवर एक स्वयंसेवक द्या, पाणी, मीठ-साखर आणि फोन घेऊन. तो पुढे सरकेल तशी टेबलं उचला, त्याच्या आधी नाही. ज्याला मर्यादेत जमणार नाही त्याला गाडीत बसवा, पण हाकलल्यासारखं नको. त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसवा.

पाहुण्यांवर होणारा खर्च मला पटत नाही, हेही स्पष्ट लिहिते. मुंबईहून एखादा चेहरा आणायचा, तो सकाळी झेंडा दाखवून पाच मिनिटांत निघून जातो. तेवढ्या पैशांत तालुक्यातल्या किती पोरांची नोंदणी मोफत होईल, किती टेबलांवर ओआरएस शेवटपर्यंत पुरेल, याचा हिशेब आयोजन समितीनं एकदा कागदावर मांडावा. झेंडा दाखवायला गावातला मान्यवर कमी पडतो का? साठीनंतर पळायला लागलेली एखादी बाई, सफाई खात्यातला एखादा कर्मचारी, शाळेचे क्रीडाशिक्षक यांच्या हातात झेंडा द्या. शर्यत संपल्यावर रस्त्यावरचे हजारो पेले आणि बाटल्या गोळा करणारे हे सफाई कर्मचारीच असतात. पाण्यासाठी प्लास्टिकऐवजी स्टीलचे पेले आणि भांडी घासायला माणसं ठेवली, तर त्यांचाही भार हलका होतो. कास परिसराचा तर जागतिक वारशात समावेश आहे. फुलांच्या मोसमात त्या रस्त्यावर एकही बाटली पडता कामा नये.

साताऱ्यात मी पहिल्यांदा पळाले तेव्हा वेळ किती लागला, हे आता नीट आठवत नाही. पदक कुठल्या कपाटात आहे, तेही शोधावं लागेल. ताटलीत बाजूला काढून ठेवलेल्या त्या दोन फोडी मात्र रविवारच्या लांबच्या पळण्याच्या वेळी अनेकदा आठवतात, कारण त्यातून मला एक काम मिळालं. आता आमच्या भागातल्या एका शर्यतीत मी पळत नाही, शेवटच्या पाण्याच्या टेबलावर उभी राहते. एकोणिसावा किलोमीटर. तिथे येणाऱ्यांचे चेहरे वेगळेच असतात. नवऱ्याच्या निधनानंतर पळायला लागलेली बाई, साखर आटोक्यात आणायची म्हणून वजन उतरवणारा तरुण, मुलीनं हट्ट केला म्हणून तिच्यासोबत आलेले वडील. ओआरएसचा पेला हातात घेताना ते पहिला प्रश्न विचारतात, “अजून चालू आहे ना?” त्यांना आपण नकोसे झालोय की काय, अशी धाकधूक असते. “चालू आहे, तुमचीच वाट बघतोय,” एवढं म्हटलं की पाठ ताठ होते आणि चालणारा माणूस पुन्हा पळू लागतो.

एवढं म्हणायला पैसे लागत नाहीत, माणसं लागतात. म्हणून ही मागणी जितकी आयोजकांकडे, तितकीच न पळणाऱ्या वाचकांकडेही आहे. येत्या मोसमात तुमच्या गावात शर्यत असेल, तर पहिला कोण आला ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कळेलच. त्याच्यासाठी पहाटे उठलात तर उत्तमच, नाही उठलात तरी चालेल. आठ-साडेआठला, चहा झाल्यावर रस्त्यावर या, घरातल्या पोरांना घेऊन या, आणि शेवटचा माणूस पुढे जाईपर्यंत घरी परतू नका.